विमान कुणाकडे होतं

ब्रेकबाईंना हे नाव कुणी दिलं ते सांगता येणार नाही. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली गाडी शिकली होती आणि त्यातला प्रत्येक जण म्हणायचा की हे नाव मीच ठेवलं. बाई आणि त्यांचे यजमान मिळून मोटार ट्रेनिंग स्कूल चालवत. यजमानांना सगळे सर म्हणत. सर ऑफिसात बसत, परवान्याची कामं बघत, गाड्या धडधाकट ठेवत. बाई शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत. त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक होता. तो दाबायच्या आधी त्या "ब्रेक" असं अशा काही आवाजात म्हणत, की शेजारून चाललेला सायकलवालाही पाय टेकायचा.

सरांचा धाकटा भाऊ विमान चालवायला शिकवायचा. शहराबाहेर एक लहान धावपट्टी होती, पत्र्याच्या दोन शेड होत्या, एक बैठं ऑफिस होतं आणि दोन-दोन सीटांची काही विमानं. तिथे त्याला कॅप्टन म्हणत. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हा दीर सहावीत होता, गुडघे फुटलेला, गणितात कच्चा. नव्या वहिनीनं पहिल्याच दिवशी चारचौघांत त्याला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हटलं, तर स्वारी अशी फुगली की दोन दिवस कुणाशी नीट बोलेना. थट्टेत सुरू झालेलं ते 'भाऊजी, तुमचा गृहपाठ झाला का' पुढे कायमचं राहिलं. त्याचं गणित बाईंनी करून घेतलं, गाडी बाईंनी शिकवली, आणि विमान शिकायला जातो म्हणाला तेव्हा नको-नको म्हणणाऱ्या सरांना बाईंनीच गप्प केलं.

बाईंची मुलगी शिकायला परगावी गेली आणि त्यांच्या संध्याकाळी एकदम रिकाम्या झाल्या. त्याच सुमाराला कॅप्टननं दादा-वहिनींना एकेक करून विमानातून फिरवून आणलं. सर डोळे मिटून बसले आणि उतरल्यावर शेडमागे जाऊन ओकून आले. बाईंना मात्र वर गेल्यावर दीरानं ते स्टिअरिंगसारखं हँडल धरायला दिलं. विमान जरासं डावीकडे कललं, बाईंनी ते सरळ केलं. झालं ते एवढंच. पण घरी आल्यावर बाई जेवताना बोलल्या नाहीत, आणि बाई जेवताना बोलत नाहीत म्हणजे डोक्यात काहीतरी शिजतंय, हे सरांना अनुभवानं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगून टाकलं, मी विमान शिकणार. सर म्हणाले, या वयात लोक गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतात. बाई म्हणाल्या, तीही करीन, आधी हे होऊ दे.

विमानात बसण्यापूर्वी वर्गात बसावं लागलं. बैठ्या ऑफिसातल्या मागच्या खोलीत फळा होता आणि बाईंबरोबर तीन तरुण मुलं-मुली. कॅप्टन पहिले काही तास फक्त अपघातांवर बोलला. त्याचं म्हणणं, लोकांना वाटतं की विमान पडतं म्हणजे काहीतरी भयंकर तुटतं, पण शिकाऊ विमानं बहुतेक वेळा साध्यासुध्या गोष्टींनी पडतात. टाकीत पेट्रोल किती आहे हे काट्यावर विश्वास ठेवून ठरवलं, झाकण उघडून पट्टी घालून बघितलं नाही, आणि शेतांच्या वर असताना इंजिन बंद पडलं. टाकीत पाणी साठलं होतं, उडण्यापूर्वी खालच्या तोटीतून काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढून बघायचं असतं, ते पावसाची घाई म्हणून राहिलं. समोर ढग दिसत होते, पण घरी पाहुणे येणार होते. उडाल्याबरोबर इंजिन गेलं. नाकासमोर मोकळं माळरान होतं, तिकडे उतरायचं सोडून गडी मागे धावपट्टीकडे वळायला गेला, आणि तेवढ्या उंचीवर तेवढं वळण पुरं होत नाही. उतरताना धावपट्टी चुकतेय असं वाटलं म्हणून कमी वेगात वळण आणखी आवळलं, पंखांनी हवा धरणं सोडलं आणि विमान भोवऱ्यासारखं खाली गेलं. तो हे असं सांगायचा की जणू शेजारच्या चाळीतली भांडणं सांगतोय. मुलं आधी हसायची आणि मग हसता हसता गप्प व्हायची.

"सगळ्यांत जास्त विमानं मोडतात ती उतरताना," तो म्हणाला होता. "त्यात माणसं सहसा मरत नाहीत. कपडे झटकून बाहेर येतात. आणि त्यातही एक प्रकार असा आहे, की तो शिक्षक शेजारी बसलेला असतानाच होतो."

त्या प्रकाराचं स्पष्टीकरण बाईंना द्यावं लागलं नाही. दोन माणसं, दोघांच्या पुढ्यात एकेक हँडल. याला वाटतं विमान त्याच्याकडे आहे, त्याला वाटतं याच्याकडे. म्हणून नियम असा होता, की घेताना मोठ्यानं म्हणायचं "विमान माझ्याकडे" आणि समोरच्यानं म्हणायचं "विमान तुमच्याकडे", आणि हे झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. बाईंनी मान डोलावली. गाडीतही शिकणाऱ्याला कळलं पाहिजे की ब्रेक त्यानं लावला की आपण. नाहीतर तो आयुष्यभर समजत राहतो की गाडी आपोआप थांबते. हे त्या स्वतः रोज सांगत होत्या.

पुढचे काही महिने बाई आठवड्यातून तीन दिवस दुपारी धावपट्टीवर जात. विमान हळूहळू हाताशी यायला लागलं. सरळ उडवणं सोपं होतं, वळणं जमली, चढणं-उतरणं जमलं. लँडिंग काही जमेना. जमीन अंगावर येते तेव्हा नेमकं केव्हा नाक उचलायचं, याचा अंदाज कधी वर चुकायचा, कधी खाली. कॅप्टन म्हणायचा, होईल वहिनी, घाई नाही.

बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली होती. बाकीच्या तिघांना कॅप्टन फाडून खायचा. एका मुलानं वेगाच्या काट्याकडे बघितलं नाही म्हणून त्यानं त्याला विमानातून उतरल्यावर शेडसमोर पाऊण तास उभं करून झापलं होतं, आणि तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून काट्याकडे बघायला लागला होता. बाईंशी मात्र तो घरातल्यासारखाच बोलायचा. "वहिनी, जरा वेग बघता का," "वहिनी, नाक थोडं खाली आलं तर बरं." चुकलं तर म्हणायचा, वारा होता. बाईंना हे आवडायचंही आणि कुठेतरी खटकायचंही. एकदा त्यांनी विचारलंच, भाऊजी, मला का नाही हो ओरडत? तो हसून म्हणाला, सवय नाही, उलटी सवय आहे. बाईही हसल्या आणि विषय तिथेच संपला.

तो दिवस असा काही वेगळा नव्हता. दुपारी धावपट्टीच्या कडेची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फुगून धावपट्टीला आडवी झाली होती, म्हणजे वारा बाजूनं होता, पण नियमात बसण्याइतका. पट्टीला घिरट्या घालायच्या, उतरायचं, न थांबता पुन्हा उडायचं, असं चाललं होतं. पहिली दोन लँडिंगं बरी झाली. तिसऱ्या वेळी बाई धावपट्टीच्या रेषेत आल्या तेव्हा वारा विमानाला बाजूला ढकलत होता आणि त्यांचं सगळं लक्ष रेष सांभाळण्यात गेलं. वेगाचा काटा खाली सरकतोय हे त्यांनी पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हणाल्या, भाऊजींनीही पाहिलं असेल, जास्त कमी झाला तर सांगतील.

कॅप्टननंही काटा पाहिला होता. त्यानं मनात म्हटलं, वहिनींना दिसतोय काटा, त्या करतील.

धावपट्टीवर आल्यावर बाईंनी नाक जरा लवकर उचललं. विमान जमिनीपासून दीड-दोन माणसं उंचीवर तरंगत राहिलं आणि वेग संपत चालला. वेग संपल्याची सूचना देणारा भोंगा पिपाणीसारखा वाजायला लागला. या क्षणी करण्यासारखी गोष्ट एकच होती, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पूर्ण आत ढकलून पुन्हा वर जाणं. कॅप्टननं इतर कुणाही विद्यार्थ्याला हे गरजून सांगितलं असतं, किंवा सरळ विमान हिसकावून घेतलं असतं. त्यानं आपल्या हँडलला दोन बोटं लावली आणि ते किंचित पुढे दाबलं. इशारा म्हणून. बोलला काही नाही.

बाईंना आपल्या हातातलं हँडल पुढे सरकलेलं जाणवलं. त्यांना वाटलं, भाऊजींनी घेतलं. त्यांनी दोन्ही हात सैल केले, थ्रॉटलवरचाही. हँडल हलकं झाल्याचं कॅप्टनला जाणवलं. त्याला वाटलं, वहिनींना कळलं. त्यानं बोटं काढून घेतली.

विमान मग कुणाचं ऐकणार? ते धप्पकन खाली पडलं, उसळलं, वाऱ्यानं तिरकं झालं आणि दुसऱ्यांदा आपटलं ते नाकाच्या चाकावर. चाक मोडलं. नाकावरचा फिरता पंखा जमिनीला लागून असा आवाज झाला, की जणू कुणीतरी लोखंडी फाटकावर कुदळ मारतंय. इंजिन जागच्या जागी थांबलं. विमान धावपट्टी सोडून गवतात घसरलं आणि नाक खाली, शेपूट वर अशा अवस्थेत स्थिर झालं.

भोंगाही बंद होता. पंखातून पेट्रोल ठिबकत होतं आणि त्याचा वास यायला लागला होता. बाईंना आपलं डावं मनगट चुकीच्या बाजूला वळलेलं दिसलं, पण दुखत नव्हतं. शेजारी कॅप्टननं किल्ली फिरवली, बटणं बंद केली, आणि पहिल्यांदाच बाईंनी त्याचा तो आवाज स्वतःसाठी ऐकला.

"पट्टा सोडा. बाहेर. मागे बघू नका."

त्या पट्ट्याशी एका हातानं झटापट करत राहिल्या. त्यानं पलीकडून हात घालून पट्टा सोडवला, त्यांना जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं आणि दंडाला धरून गवतातून लांब नेलं. तिथे पोचल्यावर बाईंनी पाहिलं की त्याच्या कपाळावरून रक्त ओघळून डोळ्यात जातंय. त्यांनी उजव्या हातानं ओढणी काढून त्याच्या कपाळावर दाबून धरली. शेडमधून माणसं आग विझवायच्या लाल नळकांड्या घेऊन पळत येत होती. आग लागली नाही.

हॉस्पिटलात कॅप्टनच्या कपाळाला टाके पडले, बाईंच्या मनगटाला प्लास्टर. सर आले. त्यांनी बायकोचं प्लास्टर पाहिलं, बोटं हलतात का विचारलं, पाणी दिलं. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन भावाला एवढंच म्हणाले, "तुझ्या भरवशावर पाठवली होती." त्यानंतर कितीतरी दिवस सर भावाशी बोलले नाहीत. फोन वाजला आणि त्याचं नाव दिसलं की फोन बाईंकडे द्यायचे.

मोडलेल्या विमानाची चौकशी होणार होती. चौकशी अधिकारी बाहेरून येणार होते आणि त्यांच्या अहवालावर कॅप्टनचं शिकवणं पुढे चालू राहणार की नाही, हे ठरणार होतं. अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी, सर स्कूलमध्ये गेलेले बघून कॅप्टन घरी आला. बाईंनी एका हातानं चहा केला. कप खाली ठेवून तो म्हणाला, मी सांगणार आहे की विमान माझ्याकडे होतं. शिक्षक मी, चूक माझी. तुम्ही फक्त हो म्हणा. बाईंनी विचारलं, मग तुमचं काय? तो म्हणाला, बघू. बाई बरं म्हणाल्या.

पण तो गेल्यावर त्यांना चैन पडेना. ज्या मुलाचं विमान शिकणं त्यांनी घरात भांडून मिळवलं होतं, त्याचं शिकवणं आपल्या एका लँडिंगनं जावं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्यांना काही परवाना जायचा नव्हता. अजून मिळालाच नव्हता. भांडी विसळता विसळता त्यांनी ठरवलं, आपण सांगायचं की विमान आपल्याकडे होतं आणि शेवटपर्यंत आपण ते सोडलं नाही.

अधिकारी सडपातळ, टक्कल पडलेले, सर्दी झालेले गृहस्थ होते. त्यांनी सकाळभर स्वतः टेप घेऊन धावपट्टीवरचे पंख्याचे ओरखडे मोजले, मग ऑफिसात बसून आधी कॅप्टनला बोलावलं, नंतर बाईंना. बाईंनी ठरवलं होतं तसं सांगितलं. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं, नाक पुसलं आणि कॅप्टनला पुन्हा आत बोलावून दोघांना समोरासमोर बसवलं.

"तुम्ही म्हणता माझ्याकडे होतं, आणि याही म्हणतात माझ्याकडे होतं," ते म्हणाले. "या कामात माझे केस गेले. आजवर जे भेटले ते म्हणायचे, त्याच्याकडे होतं. तुमचा काय प्रकार आहे?"

अधिकाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला. ते रागावलेले दिसत नव्हते, थकलेले दिसत होते. त्यांनी सांगितलं की दोघांपैकी एकाच्याही हातात विमान असतं तर ते असं पडलं नसतं. कच्च्या हातानं वाईट उतरलं असतं, पण दुसऱ्या आपटीला कुणीतरी काहीतरी केल्याची खूण दिसली असती. थ्रॉटल जिथे होता तिथेच होता. कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

"तुम्ही एकमेकांना सांभाळून घेताय ते कळतंय मला," ते बाईंना म्हणाले. "पण मग अहवालात कारण खोटं जाईल. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेतला शिक्षक ते वाचेल आणि म्हणेल, चला, आपल्याकडे असं काही होत नाही."

बाईंना आपल्या गाडीत बसलेली माणसं आठवली. डोळे मोठे करून समोर बघणारी, आणि मनातून बाईंच्या ब्रेकवर विसंबून बसलेली. त्यांना त्या सगळ्यांचा वर्षानुवर्षं राग यायचा. आता त्या स्वतः तशाच बसल्या होत्या, काटा खाली जाताना बघत.

"विमान कुणाकडेच नव्हतं," त्या म्हणाल्या.

कॅप्टननं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानंही सांगायला सुरुवात केली. मी दोन बोटं लावली होती, इशारा म्हणून. बाई म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही घेतलंत. तो म्हणाला, मला वाटलं तुम्हाला कळलं. ती गोष्ट दोघांनी मिळून जोडत नेली आणि अपघातानंतर पहिल्यांदाच दोघांना त्या काही क्षणांत नेमकं काय झालं ते कळलं. तोवर दोघांनाही आपापलीच बाजू माहीत होती.

"बोटं लावलीत," अधिकारी कॅप्टनला म्हणाले. "तोंड का नाही उघडलंत? तुमचे विद्यार्थी सांगतात, तुमचा आवाज शेडमध्ये ऐकू येतो."

"त्या माझ्या वहिनी आहेत," तो म्हणाला. "मला त्यांच्यावर ओरडता येत नाही. मी बोलणारच होतो. रोजच बोलणार असायचो."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि थोडा वेळ तसंच हातात धरलं. हे सरकारी भाषेत कसं लिहायचं असा प्रश्न पडल्यासारखे ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यांनी काहीतरी लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि बाईंना विचारलं की वाफ घ्यायला गरम पाणी कुठे मिळेल.

अहवाल आला तेव्हा त्यात वारा, कमी झालेला वेग आणि लवकर उचललेलं नाक हे सगळं होतं, आणि मुख्य कारण म्हणून लिहिलं होतं की विमानाचा ताबा घेताना व देताना दोघांत उच्चार झाला नाही, आणि जवळच्या नात्यामुळे शिक्षकानं वेळेवर हस्तक्षेप केला नाही. कॅप्टनला काही महिने शिकवायला बंदी झाली आणि त्यानंतर दुसऱ्या शिक्षकाच्या देखरेखीखाली नव्यानं परीक्षा द्यायची होती. शाळेनं ठरवलं की पुढे कुणी आपल्या नातेवाइकाला शिकवायचं नाही. बंदीच्या काळात कॅप्टन ऑफिसात बसून वेळापत्रकं करायचा आणि लोक चौकशीला आले की त्यांना विमानं दाखवायचा. तो पाच-सहा वर्षांनी मोठा दिसायला लागला होता.

घरी सर अजून रुसलेलेच होते. एका रविवारी बाईंनी त्यांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, काटा दिसत होता इथपासून.

"चूक त्यांची एकट्याची नव्हती," त्या म्हणाल्या. "मीही गप्प बसले. आणि घरात माझ्याशी सगळे असेच बोलतात, दबकून. तुम्हीसुद्धा."

"मी दबकून बोलतो?" सरांनी विचारलं. आणि विचारलं ते इतक्या हळू आवाजात, की बाईंना हसू आवरेना. सरांना आधी कळलं नाही, मग तेही ओशाळून हसले. त्या संध्याकाळी ते चपला घालून भावाच्या घरी गेले आणि दोघं भाऊ गाडीच्या क्लचबद्दल दोन तास बोलत बसले. अपघाताचं नाव कुणी काढलं नाही, पण त्यानंतर फोन सरच उचलायला लागले.

प्लास्टर निघाल्यावर बाईंनी पुन्हा जायचं ठरवलं. पहिल्या दिवशी विमानाचं दार उघडून त्यांनी ते पुन्हा लावलं. मग परत उघडलं आणि चढल्या. त्यांची नवी शिक्षिका त्यांच्या मुलीपेक्षा थोडीशीच मोठी होती, ठेंगणी, केस बारीक कापलेली. तिला सगळे छोट्या मॅडम म्हणत. छोट्या मॅडमनं पहिल्याच फेरीत बाईंचा हात हँडलवरून उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, विमान माझ्याकडे म्हटलं की हात काढायचा, मी दोनदा सांगणार नाही. लँडिंग बिघडलं की ती बाईंना "पुन्हा वर चला" असं ओरडायची, आणि खाली आल्यावर काय चुकलं ते बाईंकडूनच वदवून घ्यायची. इतक्या वर्षांत बाईंवर असं कुणी ओरडलं नव्हतं. एकदा त्या गाडीत बसून थोड्या रडल्यासुद्धा. पण घरी येऊन सरांना सांगताना त्यांचा चेहरा असा असायचा, की सरांना वाटायचं बक्षीस मिळालंय.

मोटार स्कूलमध्येही थोडा फरक पडला. आता बाई नुसतं "ब्रेक" म्हणत नसत. ब्रेक दाबला की म्हणत, "हा मी लावला, तुम्ही नाही," आणि शिकाऊ माणसाकडून ते परत म्हणवून घेत. काही जणांना ते अपमानास्पद वाटायचं. बाईंचा इलाज नव्हता.

छोट्या मॅडमनं एका सकाळी बाईंबरोबर दोन फेऱ्या मारल्या, मग शेडसमोर विमान थांबवायला सांगितलं, पट्टा सोडला आणि ती उतरली. म्हणाली, तीन लँडिंगं करा, एकट्या. वारा नाही. काही वाटलं तर वर जा, विचार खाली आल्यावर करू. बाई एकट्या उडाल्या. शेजारची सीट रिकामी असल्यानं विमान हलकं होतं आणि भराभर वर गेलं. वर गेल्यावर त्यांना जाणवलं की आपण मोठ्यानं बोलतोय: वेग, उंची, आता वळण, आता थ्रॉटल कमी. ऐकायला कुणी नव्हतं, पण बोलल्यानं हात ताळ्यावर राहत होते.

सर कुंपणापाशी उभे होते. त्यांना छोट्या मॅडमनं आधीच फोन करून ठेवला होता, आणि त्यांनी भावाला ऑफिसातून बोलावून घेतलं होतं. तिन्ही लँडिंगं होईपर्यंत सरांनी कुंपणाची तार सोडली नाही. विमान शेडपाशी येऊन पंखा थांबला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. छोट्या मॅडमनं बाईंशी हात मिळवला, बाकीची मुलं-मुली टाळ्या वाजवत आली. सर पुढे आले आणि विमानाचं उघडं राहिलेलं दार लावू लागले.

कॅप्टन सगळ्यांच्या मागे उभा होता. गर्दी पांगल्यावर तो पुढे आला.

"पहिली दोन चांगली होती," तो म्हणाला. "तिसरं वाईट होतं. नाक फार वर, वेग गेलेला. वारा असता तर परत तेच झालं असतं."

सर भावाला म्हणाले, अरे, आजच्या दिवशी तरी. पण बाईंनी हातानंच सरांना थांबवलं.

"वेगाचा काटा पासष्टच्या खाली गेला होता," त्या म्हणाल्या. "मला दिसलं होतं."

"मग थ्रॉटल का नाही दिलात?"

"दिला. उशिरा दिला."

"उशीर का केलात?" त्याचा आवाज चढला होता. शेडमध्ये पान्हा घेऊन बसलेल्या मेकॅनिकनं वळून पाहिलं.

डोक्यावरचा हेडफोन काढून बाईंनी गळ्यात अडकवला आणि धावपट्टीच्या ज्या टोकाला विमान खाली टेकलं होतं तिकडे बोट दाखवत सांगायला लागल्या, की तिथे आल्यावर पट्टी एकदम रुंद वाटली, आणि रुंद वाटली म्हणून जवळ वाटली, आता टेकतंच आहे असं वाटलं. कॅप्टन म्हणाला, चला, फळ्यावर काढून दाखवा. दोघं बोलत बोलत बैठ्या ऑफिसाकडे गेले. सर थोडा वेळ विमानापाशी थांबले, आणि मग छोट्या मॅडमला विचारायला लागले की विमान वाऱ्यानं जागचं हलू नये म्हणून शेपूट बांधायची दोरी कुठे ठेवलीय.